रीफ टँकचा लाईट: घ्यायचा कसा, लावायचा कसा, सांभाळायचा कसा

रीफ टँक म्हणजे घरातला खाऱ्या पाण्याचा, समुद्री माशांचा आणि कोरलचा (प्रवाळाचा) टँक, आणि नवीन रीफ टँकवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कोणता लाईट घेऊ? पण त्याचं उत्तर देण्याआधी उलटा प्रश्न विचारावा लागतो, तो म्हणजे टँकमध्ये ठेवणार काय आहात. नुसते मासे ठेवायचे असतील तर लाईट फक्त आपल्याला बघायला लागतो, साधा कोणताही चालतो, विषय संपला. कोरल ठेवायचं असेल तर मात्र लाईट म्हणजे त्याचं जेवण आहे. कोरल हा प्राणी, पण त्याच्या पेशींच्या आत झूझँथेली नावाचं एकपेशीय शेवाळ राहतं, ते उजेडावर साखर तयार करतं आणि तिचा मोठा वाटा कोरलला देतं, त्यामुळे उजेड कमी पडला की कोरल हळूहळू उपाशी पडतं आणि जास्त झाला की भाजतं. गंमत अशी की नवीन लोकांची कोरल्स उपाशी कमी राहतात आणि भाजतातच जास्त, कारण महागडा लाईट आणला की तो शंभर टक्क्यांवर लावून बघायचा मोह कोणालाच आवरत नाही.

आधी कोरल ठरवा

ढोबळ तीन गट धरा. पहिला सॉफ्ट कोरल्सचा, म्हणजे मशरूम, झोआ, लेदर, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप वगैरे. दुसरा एलपीएस, मोठ्या पॉलिपवाली (पॉलिप म्हणजे कोरलचा तोंड असलेला एकेक मऊ जीव) पण खाली कडक सांगाडा असलेली, हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन, डंकन, अकॅन ही सगळी यात येतात. तिसरा एसपीएस, बारीक पॉलिपवाली, माँटिपोरा, बर्ड्सनेस्ट आणि सगळ्यात नखरेल ती अक्रोपोरा.

उजेड मोजायचं माप म्हणजे पार. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड एका जागेवर किती पडतो ते हा आकडा सांगतो. त्याचं पूर्ण एकक मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असं लांबलचक आहे, बोलताना कोणी ते म्हणत नाही, नुसतं "इथे शंभर पार मिळतो" एवढंच म्हणतात. अंदाज यावा म्हणून सांगतो, निरभ्र दुपारी डोक्यावरच्या उन्हात साधारण २००० पार असतो. आपल्याला त्याच्या जवळपासही जायचं नाहीये. सॉफ्ट कोरल्सना ५० ते १०० मध्ये छान जमतं, एलपीएसला ८० ते १५०, माँटिपोरासारख्या सोप्या एसपीएसला १५० ते २५० आणि अक्रोपोराला २५० ते ३५०, कधी थोडं वर. हे आकडे दगडावर कोरलेले नाहीत, त्याच जातीचं कोरल एकाकडे ९० वर खूश असतं आणि दुसऱ्याकडे १८० वर, पण सुरुवात करायला पुरेसे आहेत.

एक अपवाद लक्षात ठेवा. सन कोरल, म्हणजे ट्युबास्ट्रिया. नावात सूर्य असला तरी त्याच्यात झूझँथेली शेवाळ नसतंच, त्याला लाईट लागत नाही, त्याला हाताने भरवावं लागतं. नवीन माणसाने केशरी रंग बघून ते उचलू नये एवढंच म्हणेन.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष सॉफ्ट आणि एक-दोन सोपी एलपीएस, पण लाईट घेताना पुढे माँटिपोरा ठेवता येईल एवढी ताकद असलेला घ्या आणि कमी टक्क्यांवर चालवा. कमी टक्क्यांवर चालणारा लाईट थंड राहतो, फॅन कमी ओरडतो आणि टिकतोही जास्त.

टँक मोजा, लिटर नाही

लाईट निवडताना टँक किती लिटरचा आहे याचा फारसा उपयोग नसतो. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली, ही तीन मापं घ्या. ६० सेंटिमीटर चौकोनी क्यूब असेल तर एक चांगला एलईडी मधोमध टांगून काम होतं, १२० सेंटिमीटर लांब टँकला तसलेच दोन लागतात, आणि तिथे एकच जास्त वॉटचा लाईट घेऊन भागवू म्हटलं तर मधलं कोरल भाजतं आणि कडेची अंधारात राहतात. म्हणून वॉटपेक्षा पसरट उजेडाला किंमत द्या. डब्यावर "इतक्या बाय इतक्या टँकला पुरतो" असं लिहिलेलं असतं ना, तिथे हे बघायचं की पुरतो म्हणजे कोणत्या कोरलला पुरतो. कंपनीने पारचा नकाशा दिला असेल, म्हणजे कोणत्या उंचीवरून कोणत्या खोलीला किती पार, तर तो बघा, आणि त्यात मधला मोठा आकडा बघून खूश होऊ नका, कोपऱ्यातला आकडा बघा.

एलईडी, टी-फाईव्ह की हॅलाईड

आज नवीन टँकला एलईडीच घ्या, फार विचार करू नका. वेगवेगळे रंग वेगवेगळ्या चॅनलवर, म्हणजे प्रत्येक रंगाच्या स्वतंत्र कंट्रोलवर, कमी-जास्त करता येतात, हळूहळू उजळणं-मावळणं सेट करता येतं, पाणी कमी तापतं. एकच कटकट आहे, एलईडी छोट्या जागेतून जोरात उजेड फेकतो, त्यामुळे दगडाखाली आणि फांद्यांच्या खालच्या बाजूला काळ्या सावल्या पडतात. दोन लाईट लावले किंवा डिफ्यूझर (उजेड पसरवणारं दुधी आवरण) लावला की हे बरंच कमी होतं.

टी-फाईव्ह म्हणजे १६ मिलिमीटर जाडीच्या ट्यूब्ज. उजेड इतका एकसारखा पसरतो की मोठी एसपीएस ठेवणारे अजून तो सोडायला तयार नाहीत, बरेचजण मधे एलईडी आणि दोन्ही बाजूंना टी-फाईव्ह असं जोडून चालवतात. पण ट्यूब साधारण ९ ते १२ महिन्यांनी बदलावी लागते, ती पेटत असते, डोळ्याला ठीक दिसते, आतून मात्र ताकद उतरलेली असते. मेटल हॅलाईड, म्हणजे जुन्या पद्धतीचा एकच प्रखर बल्ब, त्याबद्दल एवढंच, उजेड आणि पाण्यातली ती हलणारी चमक मस्त, पण २५० किंवा ४०० वॉटचा बल्ब पाणीही तापवतो आणि मीटरही पळवतो, शिवाय दोन टोकांच्या बल्बसमोरची यूव्ही अडवणारी काच कधीच काढायची नसते. पहिल्या टँकला नकोच.

निळा का, आणि किती

समुद्रात पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरातच गिळून टाकतं आणि खाली पोचतो तो मुख्यतः निळा. झूझँथेलीची रंगद्रव्यं या निळ्यावर चांगली चालतात. म्हणून रीफच्या लाईटमध्ये ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा रॉयल ब्लू हा मुख्य चॅनल असतो, सोबत थोडा व्हायोलेट, थोडा निळा, आणि पांढरा आपल्या डोळ्यांसाठी. लाल आणि हिरवा दिला असेल तर अगदी कमी ठेवा, ५-१० टक्के, नाहीतर बंदच. सुरुवातीला निळे चॅनल पांढऱ्याच्या तिप्पट-चौपट धरा आणि मग तुमच्या नजरेला बरं वाटेल तसं पांढरं थोडं वर-खाली करा.

कोरल निळ्याखाली जे हिरवं-केशरी पेटल्यासारखं दिसतं ते त्यातल्या फ्लुरोसंट प्रोटीन्समुळे, ती निळा उजेड शोषून वेगळ्या रंगाचा बाहेर टाकतात. जेलीफिशमधल्या अशाच हिरव्या प्रोटीनवरच्या कामाला २००८ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालंय. म्हणजे विकणाऱ्याकडे गच्च निळ्या लाईटखाली जे फ्रॅग (मोठ्या कोरलचा कापून विकलेला तुकडा) चमकतंय ते दिवसाच्या उजेडात तपकिरी निघू शकतं, घ्यायच्या आधी पांढरा लाईट लावून दाखवा म्हणावं, आणि त्याच वेळी त्याच्याकडे ते किती पारला ठेवलंय तेही विचारून घ्यावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला तीक्ष्ण आहे आणि निळ्याला मठ्ठ. त्यामुळे गच्च निळा लाईट चालू असतो, टँक आपल्याला अंधुक दिसतो, आपण म्हणतो अजून वाढवूया, आणि तिथे कोरलवर आधीच १५० पार पडत असतो. मोबाईलमधल्या लक्स ॲपचंही तेच, लक्स हे माप माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने बनवलंय, निळ्याला ते जवळपास मोजतच नाही. उन्हासाठी लक्सला ५४ ने भागलं की साधारण पार मिळतो, पण हे गणित निळ्या एलईडीला लावलंत तर उत्तर साफ चुकेल. डोळ्यावर विसंबून रीफचा लाईट सेट करायचा नसतो, एवढी एक गोष्ट पाळलीत तरी अर्धी कोरल्स वाचतात.

लावताना

पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर उंचीवरून सुरुवात करा. खाली आणलात तर मधे तीव्र आणि कडेला कमी, वर नेलात तर सगळीकडे जास्त सारखा पण एकूण थोडा कमी, आणि खोलीतही सांडतो. टांगायची सोय असेल तर टांगा, उंची बदलता येते आणि टँकमध्ये हात घालायला जागा राहते. टांगायचा हूक छताच्या पक्क्या भागात हवा, पीओपीच्या पट्टीत नको.

वीज आणि मिठाचं पाणी एकत्र आलंय हे विसरू नका. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी त्या लोंबत्या भागातून खाली टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. अडॅप्टर टँकच्या पातळीपेक्षा खाली जमिनीवर टाकून ठेवू नका, बाजूच्या भिंतीवर चिकटवा. आणि टँकची लाईन ३० मिलिॲम्पच्या आरसीसीबीवर (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवी, नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या, लाईट नंतर आणला तरी चालेल. आणखी एक, रॉयल ब्लू एलईडीकडे सरळ बघायचं नाही, खालून वाकून "कोणता चॅनल चालू आहे" बघण्याची सवय वाईट आहे.

वेळापत्रक

टँक अजून सायकल होत असेल, म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया अजून तयार होत असतील, कोरल काहीच नसेल, तर लाईट बंद ठेवा किंवा तासभर लावा. रिकाम्या टँकवर दहा तास लाईट म्हणजे फक्त शेवाळाची शेती.

कोरल आलं की एकूण ९-१० तास पुरे. समजा तुम्ही संध्याकाळी घरी असता, तर दुपारी १२ ला निळा हळूहळू चढायला लागू द्या, २ वाजता पूर्ण, रात्री ८ पर्यंत तसाच, मग उतरत १० ला बंद. रात्री निळा मंद मूनलाईट तासभर ठेवायला हरकत नाही पण रात्रभर नको, कोरलला खरा अंधारही लागतो. लाईट ॲपवर चालत नसेल तर साधा टायमर लावा, हाताने चालू-बंद करण्यावर जाऊ नका, चार दिवस नीट जातं आणि पाचव्या दिवशी पाहुणे येतात नि लाईट रात्री १ पर्यंत चालू राहतो.

आणि हो, तास आणि तीव्रता दोन्हींचा गुणाकार कोरलला मिळतो. १५० पार सलग १० तास म्हणजे प्रति चौरस मीटर दिवसाला ५.४ मोल उजेड, तेच २०० पारवर ७ तासांत जवळपास ५ मोल होतात. म्हणून वाढवताना एका वेळी एकच वाढवा, टक्के किंवा तास, दोन्ही नाही.

पार मोजून घ्या

पार मीटर महाग असतो आणि वर्षातून दोनदा लागतो, त्यामुळे विकत घेण्यापेक्षा ओळखीतल्या रीफवाल्याकडून मागा किंवा भाड्याने आणा. अट एकच, सेन्सर फुल स्पेक्ट्रम हवा, जुन्या पद्धतीचे सेन्सर निळा कमी दाखवतात. आणि पाण्याखालचं करेक्शन, म्हणजे सेन्सर पाण्यात बुडाल्यावर आकड्यात करायची दुरुस्ती, चालू आहे का ते बघा.

मोजताना लाईट रोजच्या दुपारच्या सेटिंगवर ठेवा. कागदावर टँकचा वरून दिसणारा नकाशा काढा, वाळूवर चार कोपरे आणि मध्य, दगडाचा मधला टप्पा, दगडाचं टोक, अशा दहा-बारा जागा घ्या. पाण्याच्या लाटांमुळे आकडा नाचतो, तो साधारण कुठे घुटमळतोय ते लिहा. सेन्सर धरताना स्वतःचा हात वर आला की सावली पडते, बाजूने घाला. त्याच कागदावर प्रत्येक चॅनलचे टक्के आणि लाईटची उंची लिहा. हा कागद जपून ठेवा, पुढे काहीही बिघडलं की पहिल्यांदा हाच लागतो.

मीटर अजिबात मिळत नसेल तर कंपनीच्या नकाशावरून अंदाज बांधा आणि त्यापेक्षा कमीपासून सुरू करा, ३०-४० टक्क्यांवर, आणि पुढचं कोरलला विचारा.

कोरलला कसं विचारायचं

नवीन फ्रॅग आणलं की आधी खाली, वाळूवर किंवा सावलीच्या बाजूला ठेवा. आठवडा तिथेच राहू दे. मग वर सरकवायचं असेल तर थोडं थोडं सरकवा, किंवा पूर्ण लाईट वाढवायचा असेल तर आठवड्याला ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. बऱ्याच लाईटमध्ये अक्लिमेशन मोड (कोरलला सवय व्हावी म्हणून लाईट आपोआप हळूहळू वाढवणारं सेटिंग) असतो, तो चार-सहा आठवड्यांवर लावून विसरून जा.

खुणा अशा असतात. झोआचा देठ लांब होऊन ती वर ताणली गेली तर तिला उजेड कमी पडतोय, आणि अगदी चटईसारखी चपटी बसून राहिली तर बहुधा जास्त. मशरूमच्या कडा वर वळून त्याचा वाडगा झाला किंवा ते आक्रसून सुरकुतलं तर त्याला खाली सावलीत न्या. हॅमर दुपारी लाईट पूर्ण असताना मिटतं आणि संध्याकाळी निळा उतरताना फुगतं, हे सलग काही दिवस दिसलं तर उत्तर स्पष्ट आहे. एसपीएस तपकिरी पडत चाललं तर बऱ्याचदा उजेड कमी, आत शेवाळ वाढवून ते भरपाई करतंय, किंवा नायट्रेट-फॉस्फेट जास्त झालंय. फिकट पडत चाललं तर उजेड जास्त, किंवा नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आलंय. म्हणजे रंग बदलला की लाईटला हात लावायच्या आधी पाण्याच्या टेस्ट करा, अल्कलिनिटी (पाण्याची आम्लता सांभाळायची ताकद), नायट्रेट, फॉस्फेट, सॅलिनिटी (खारेपणा), तापमान. अर्ध्या वेळा दोषी तिथेच सापडतो.

ब्लीचिंग आणि मरणं यातला फरक ओळखता यायला हवा, नवीन लोक इथे घाबरून चांगलं कोरल फेकून देतात. भिंगातून जवळून बघा. कातडी जागेवर आहे, पॉलिप बारीक का होईना बाहेर येतायत, पण सगळं पारदर्शक होऊन आतला पांढरा सांगाडा दिसतोय, हे ब्लीचिंग, शेवाळ बाहेर टाकलं गेलंय पण प्राणी जिवंत आहे. उजेड कमी करा, बारीक खाणं द्या, बाकी काही हलवू नका, महिन्या-दोन महिन्यांत रंग परत येऊ शकतो. कातडीच सुटून नुसता खरखरीत सांगाडा उरलाय आणि थोड्या दिवसांत त्यावर हिरवट थर चढतोय, तर तो भाग गेला.

शेवाळ वाढलं की सगळे पहिल्यांदा लाईटला शिव्या देतात. लाईट कमी केल्याने ते मंदावतं हे खरं, पण त्याचं खाद्य पाण्यात असतं, जास्त टाकलेलं फूड आणि न बदललेलं पाणी. तास दोनने कमी करा आणि मूळ तिकडे शोधा.

देखभाल

आठवड्यातून एकदा लाईट बंद करून, थंड होऊ देऊन, खालची काच किंवा लेन्स पुसा. बुडबुडे फुटून उडालेले मिठाचे थेंब तिथे वाळून पांढरी पुटी धरतात आणि उजेड खातात. मऊ मायक्रोफायबर कापड आरओ पाण्यात ओलं करून आधी मीठ विरघळू द्या, मग पुसा, कोरडं घासलंत तर लेन्सवर चरे पडतात. काच साफ करायचे स्प्रे टँकवर वापरायचे नाहीत, वापरायचेच असतील तर लाईट उतरवून दुसऱ्या खोलीत. महिन्या-दोन महिन्यांनी फॅन आणि हीटसिंकची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची) धूळ ब्रशने काढा, एलईडी गरम राहिला की लवकर म्हातारा होतो. फॅनचा आवाज बदलला तर थांबू नका, तो बंद पडायच्या आधीची खूण आहे.

खूप दिवस लेन्स घाण राहिली आणि एकदम चकचकीत केली तर त्या दिवशी लाईट थोडा कमी करा. हेच कार्बनचं, म्हणजे पाणी स्वच्छ करणाऱ्या कोळशाचं. जुन्या टँकचं पाणी हळूहळू पिवळसर होतं, रोज बघणाऱ्याला कळत नाही, आणि मग एक दिवस ताजा कार्बन भरपूर टाकला की पाणी दोन दिवसांत काचेसारखं होतं आणि तोच लाईट कोरलला अचानक जड जातो. कार्बन थोडा थोडा टाका, किंवा नियमित टाका. नवीन टी-फाईव्ह ट्यूब लावतानाही सगळ्या एकदम बदलू नका, एका आठवड्याला एक.

एलईडीचं आयुष्य डब्यावर ५०,००० तास वगैरे लिहिलेलं असतं, रोज १० तास धरले तर तेरा वर्षांच्या वर जातं, पण त्याआधी फॅन किंवा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) जातो हे गृहीत धरा. वर्षातून एकदा त्याच कागदावरच्या त्याच जागांवर पार परत मोजा. आणि कोरल वाढलं की त्याची सावली खालच्यावर पडते, वरची माँटिपोराची थाळी पसरली की खालचं अकॅन का कोमेजलं याचं उत्तर वर बघितल्यावर मिळतं. छाटा किंवा हलवा.

सेटिंगचा स्क्रीनशॉट मोबाईलमध्ये असू दे. फर्मवेअर अपडेट झाला किंवा वीज जाऊन आली की काही लाईट कंपनीच्या मूळ सेटिंगवर परत जातात, आणि ते मूळ सेटिंग तुमच्या कोरलच्या हिशोबाने नसतं. अपडेटनंतर दुपारी एकदा टँकसमोर जाऊन बघाच.

लाईट बंद पडला तर

घाबरू नका. कोरल दोन-तीन दिवस अंधारात आरामात काढतं, काही शेवाळांवर उपाय म्हणून लोक मुद्दाम तीन दिवस ब्लॅकआऊट करतात. वीज गेली असेल तर चिंता लाईटची नाही, पंपाची, कारण पाणी हललं नाही तर ऑक्सिजन उतरतो, बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. लाईटच बिघडला असेल आणि दुरुस्तीला आठवडा लागणार असेल तर उसना कोणताही रीफ लाईट आणून ३० टक्क्यांवर सहा-सात तास लावा. स्वतःचा परत आला की जुन्या टक्क्यांवर थेट जाऊ नका, निम्म्यापासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वर न्या, आणि फॅन फिरतोय ना ते टांगायच्या आधीच टेबलावर ठेवून तपासून घ्या.